ढिगाऱ्यावरची मूठभर माती

तांब्याच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या पायथ्याशी एकदा एक वस्ती होती. खाणवाले तांबे घेऊन गेले आणि टाकाऊ भुकटीचा डोंगराएवढा ढिगारा तेवढा उदार मनाने वस्तीला ठेवून गेले. उन्हाळ्याचा वारा सुटला की ती करडी भुकटी घराघरांत शिरे. भाकरी दाताखाली कचकचे, मुले खोकत. त्या वस्तीत कोणी अंगणात वाळवण घालत नसे. शेवटी पंचांनी ठरवले, पुढचा उन्हाळाही असाच गेला तर वस्ती उठवायची.

या वस्तीतला एक तरुण एका वृद्ध आचार्यांकडे वनस्पतींची विद्या शिकत होता. त्याची आई घर सोडायला मुळीच तयार नव्हती. त्याने ढिगाऱ्यावर नदीकाठची काळी माती पसरून उत्तम रोपे लावून पाहिली होती, पण सगळ्यांची मुळे करपली. तेव्हा तो गुरूंनाच गावी घेऊन आला.

या खेपेला जीवामृत करायचे ठरले. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून त्यात जिवंत मातीची एक मूठ टाकतात. ती मूठ म्हणजे विरजणच. तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जिवाणू पिंपभर वाढतात. ही माती जुन्या वडाखालची घ्यायची रीत आहे. शिष्याने ती कोऱ्या फडक्यात बांधून मोठ्या भक्तीने आणली. शिवाय जागा स्वच्छ हवी म्हणून ढिगाऱ्यावर तुरळक उगवलेले खुरटे गवतही उपटून टाकले. एक ठोंब तेवढा राहिला, कारण आईने त्याला अडवले होते. "तो नको उपटूस. दारातून तेवढंच हिरवं दिसतं मला," असे ती म्हणाली होती.

आचार्यांनी वडाखालच्या मातीचा वास घेतला, तिची प्रशंसा केली आणि ती तुळशीला घालून टाकली. मग काठी टेकत ते ढिगारा चढले, त्या पिवळट ठोंबाशी बसले आणि त्याच्या मुळाजवळची मूठभर माती आणून त्यांनी पिंपात टाकली.

शिष्य दुखावला. "गुरुजी, ही तर विषारी माती. इतकी सकस माती सोडून आपण ही का घेतलीत?"

आचार्य म्हणाले, "अरे, वडाखालचे जिवाणू गुणी आहेत, पण ते सुखात वाढले. या भुकटीत उरलेले तांबे त्यांना सोसणार नाही. तुझ्या रोपांच्या आधी तेच मरतील. या गवताला कोणी पाणी घातले नाही, खत दिले नाही, तरी ते तगले. त्याच्या मुळाशी जे जीव आहेत, ते पिढ्यान्‌पिढ्या या विषात राहून शिकले आहेत. तांबे ते मुळाबाहेरच बांधून ठेवतात आणि मुळाला अन्न मिळवून देतात. विष इथून जाणार नाही, पण त्याला आळा बसेल. इथे कसे जगावे हे ज्यांना कळले होते, त्यांनाच तू सकाळी उपटत होतास."

शिष्याला फार लाज वाटली. त्याने उपटलेले ठोंब गोळा केले आणि एकेक करून पुन्हा लावले.

जीवामृत तयार झाल्यावर सगळ्या वस्तीने ते ढिगाऱ्यावर शिंपडले आणि त्याच गवताचे बी टाकले. तिथे गुरे मात्र चारू नका, असे आचार्यांनी बजावले. गवत हळूहळू धरत गेले. दिसायला ते काही देखणे नव्हते, पण त्याने भुकटी घट्ट धरली. ज्यांना कोणी पाहिले नाही, नाव दिले नाही, त्या जिवांनी एक अख्खे गाव जागेवर ठेवले. मला त्यांचे अतोनात कौतुक वाटते. संकटात सल्ला हवा असेल, तर त्याच संकटात जो तगून राहिला आहे त्याच्यापाशी आधी बसावे.

उन्हाळा आला आणि वाराही सुटला. शिष्याच्या आईने अंगणात जुने लुगडे अंथरून कुरडया घातल्या आणि ती राखण करत उंबऱ्यात बसली. दुपारी तिने एक अर्धवट वाळलेली कुरडई उचलली, मोडली आणि अर्धी मुलाच्या हातावर ठेवली. दोघांनी ती सावकाश चावून खाल्ली. दाताखाली काहीही कचकचले नाही.