ठकूबायचा कान

गलबतं शिडांवर चालायची, त्या काळातली ही हकिगत. भर समुद्रातल्या पोफळबेटावर ठकूबाय नावाची वैदीण राहायची. बेटाच्या तांबड्या मातीत वाळे फार. वाळा म्हणजे गांडुळाएवढा बारीक, आंधळा साप. झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो आणि मेंदू पोखरतो, असं सगळं बेट मानायचं. दिसला की लोक ठेचायचे.

एके वर्षी नवसू तांडेलाची लेक चिमी कान धरून किंचाळायला लागली. दोन दिवस झाले तरी थांबेना. तिच्या अंथरुणाखाली वाळा सापडला होता, मग शंका कसली? नवसूनं अंगणातल्या चुलीवर खोबरेल कढवलं. ते कानात ओतायचं म्हणून चौघांनी पोरीचे हातपाय धरले.

ठकूबाय धावत आली. "नवसू, थांब. कढत तेलानं पोर जाईल. वाळा कानात जात नाही."

"तुला काय ठाऊक?"

"आई सांगायची."

"तुझ्या आईच्या शब्दावर माझी पोर सोडू?"

आईनंही ते कधी करून पाहिलं नव्हतं. मग ठकूबायनं अंगणातला एक दगड उलटला आणि खालचा वाळा उचलला.

"माझ्या कानात गेला, तर खुशाल ओत," ती म्हणाली आणि कुशीवर आडवी झाली.

तिनं वाळा स्वतःच्या कानावर सोडला. वाळा कानाच्या पाळीवरून फिरला, भोकाशी थांबला, मग त्यानं आत तोंड घातलं. बायकांनी डोळे मिटले. नवसूच्या हातात तेलाची पळी तशीच राहिली. ठकूबाय हलली नाही.

असं म्हणतात, त्या घटकेत तिला मातीखालचं सगळं ऐकू आलं. मुळांनी पाणी ओढलेलं, वाळवीनं लाकूड कुरतडलेलं, आणि पोरीच्या कानात इवल्या पायांनी काहीतरी खरवडतंय, तेही.

वाळा मागे सरला, तिच्या गालावरून उतरून मातीत गेला.

"गोचीड आहे," ठकूबाय उठत म्हणाली. "पोर गोठ्यात झोपली होती का रे?"

नवसूनं मान डोलावली. पळीतलं तेल एव्हाना निवलं होतं. तेच तिनं थेंब थेंब कानात सोडलं. थोड्या वेळानं चिमटीत मुगाएवढी गोचीड आली. चिमी बापाच्या मांडीवर तिथंच झोपली.

ठकूबायला त्या कानानं पुढं माणसांचं बोलणं कधी ऐकू आलं नाही, असं म्हणतात. विहीर कुठं खणायची, ते मात्र ती जमिनीला कान लावून सांगायची. ती गेली, त्या दिवशी तिच्या दारात इतके वाळे वर आले, की खांदेकऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी वाट मोकळी होईपर्यंत तिरडी खांद्यावर धरून ठेवली.

आजही पोफळबेटावर लेकराचे कान टोचतात ते ठकूबायच्या जोत्यावर. आणि नांगरताना वाळा वर आला, की शेतकरी बैल थांबवतो, वाळ्याला ओंजळीत घेऊन बांधापलीकडच्या ओल्या मातीत ठेवतो आणि म्हणतो, "जा बाय, सांभाळून."