वरून ओतलेलं तेल

भेदभाव करू नका हे शिकवायला कंपनीनं तास ठेवला आणि गोष्ट सांगायला मला म्हाताऱ्याला धरलं. दुसरीत शाळा सोडली मी! बरं, ऐका.

फार मागं एका सुताराच्या पेटीत चामडं कापायची रापी कामाला आली. बिचारी गंजत चालली होती. तेल मिळालं नसतं तर भंगारातच जाणार होती.

"आडनाव काय गं?" पटाशीनं विचारलं.

"जोडे शिवतात त्या घरची मी."

"असू दे, आपण सगळे सारखेच," रंधा म्हणाला. "फक्त जरा लांब, पेटीबाहेर बस. तेल वरून ओततो."

तेलाचा बुधला उंचावरून कलला. तेल सगळं मातीत गेलं. रापीनं मान खाली घातली.

धार लावायचा दगड खेकसला, "सारखेच म्हणे! पोरी, इकडे ये. माझं अंग तेलानं भिजलेलंच आहे. टेक माझ्यावर, लाजू नकोस."

रापी भीतभीत टेकली. हळूहळू गंज निघाला, पातं लखलखलं.

"आता मी कुठं घासू?" पटाशी फणकारली.

"इथंच. तिच्यानंतर."

केरबा मुकादम, मागं बसून हसू नका. माझ्या ओंजळीत तुम्ही वरूनच पाणी ओतायचात. तुमची माफी अजून यायची आहे.