एलोजीबाबाचा दगड

शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. लिहिणाऱ्याची शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. शिमशोनकाका पाहुण्यांना सांगतात तसे हे लिहिले आहे.

अलिबागेकडे खाडीकाठी कोलवडे गाव आहे. तिथल्या तेलीआळीत एका जुन्या घाण्याच्या रिंगणाला लागून एक बसका काळा दगड आहे. दिवसभर सावलीत असतो, वरून गुळगुळीत आहे, तरी त्यावर कोणी बसत नाही. दमलेला पाहुणा टेकायला गेला की शिमशोनकाका हळूच म्हणतात, "तिथे नको. इकडे ओटीवर या." बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांच्या, प्रार्थनाघराला इथे मशीद म्हणतात आणि तिची किल्ली काकांकडे असते.

फार पूर्वी या घाण्यावर हसाजी तेली आणि त्याचा आंधळा बाप एलोजी असत. एलोजीबाबा या दगडावर बसून राही. घाण्याचा बैल पवळ्या समोरून गेला की हात पुढे करून त्याच्या मानेवर फिरवी. शुक्रवारी सांज व्हायला आली की म्हणे, "हसाजी, सोड बैल." मग सगळ्या आळीतले घाणे थांबत आणि घरोघरी शाब्बाथाचा, म्हणजे शुक्रवारच्या सांजेपासून शनवारभर पाळायच्या विसाव्याचा, दिवा लागे.

एका वर्षी म्हणे बाबा लवकरच थांबवू लागला. ऊन डोक्यावर असतानाच सांगू लागला. गिऱ्हाईक रिकाम्या बुधल्या घेऊन परत जाई. पाटलाचा गडी सगळ्यांदेखत म्हणाला, "काय शनवार तेली, आता तुमचा शनवार गुरुवारीच धरणार काय?" हसाजी ओशाळला. बाप म्हातारा झाला, त्याला वेळेचे भान राहिले नाही, असे त्याने मनाशी धरले.

पुढच्या शुक्रवारी पाटलाकडे लग्न होते आणि तेलासाठी माणसे खोळंबली होती. बाबा म्हणाला, "हसाजी, सोड बैल."

"ऊन दारात आहे, बाबा," हसाजी मोठ्याने म्हणाला. "ज्याला दिसत नाही त्याने वेळ सांगू नये."

माणसे हसली. "खरं आहे," बाबा म्हणाला. "तुला दिसतं, तू सांग." काठी चाचपत तो घरात गेला. हसाजी दगडावर बसला आणि तिथूनच बैल हाकू लागला.

पवळ्या दगडापाशी आला नि थांबला. हाकलला तरी हलेना. मान खाली घालून तो हसाजीपुढे उभा राहिला, रोजचा हात फिरेल म्हणून. तेव्हा हसाजीने ती मान पहिल्यांदा नीट पाहिली. जुवाखालचे कातडे सोलून निघाले होते आणि आत ओले मांस दिसत होते. बाप उन्हावरून नव्हे, हाताला लागणाऱ्या या जखमेवरून बैल सोडायला सांगत होता. शाब्बाथाचा विसावा जनावरालाही सांगितला आहे, आणि पवळ्याला तो आधीच लागत होता.

काका इथे थांबतात. देवाच्या दहा आज्ञांत शाब्बाथ पाळण्याची आज्ञा आणि आईबापांचा मान राखण्याची आज्ञा एकमेकींच्या शेजारी आहेत, असे सांगतात. बापाच्या जागी बसू नये, चारचौघांत त्याचे बोलणे खोडू नये. हसाजी शाब्बाथाची आज्ञा घटका मोजून पाळायला गेला आणि बापाच्या मानाची पायाखाली घातली.

हसाजीने बैल सोडला, मानेला हळद-तेल लावले आणि बापाचे पाय धरले. बाबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून दर शुक्रवारचा आशीर्वाद दिला. "माझ्या मनात काही नाही रे," म्हणाला. ते खरेच होते. पण त्यानंतर तो दगडावर येऊन बसला नाही. दर शुक्रवारी हसाजी दारात जाऊन विचारी, "बाबा, सोडू?" आतून मऊ आवाजात तेच उत्तर येई, "तुला दिसतं." रागाने बोलला असता तर बरे झाले असते, असे हसाजीला वाटे. बापाचा स्वतःवरचा भरवसाच गेला होता, आणि तो घालवणारा आपण, हे त्याला जेवताना आठवे, प्रार्थनेत आठवे. त्याने बापाला हाताने भरवले, न्हाऊ घातले, मशिदीत पाठीवर नेले. "सोड बैल" हे दोन शब्द मात्र त्याला पुन्हा ऐकायला मिळाले नाहीत. अशाच एका शुक्रवारी, शाब्बाथ लागायच्या आत, एलोजीबाबाला माती दिली.

आजही कोलवड्यात उरलेल्या दोन-तीन घरांतली कर्ती माणसे शुक्रवारी काम थांबवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्याला विचारतात, "सोडू?" आता बैल नाही, घाणा नाही. भाताची गिरणी असते, नाहीतर दुकान. वडील सांगतील ती वेळ, मग बाहेर कितीही ऊन असो. ज्याचे वडील गेले तो दगडापाशी येऊन विचारतो. ही रीत हसाजीने घातली, असे सांगतात.

एलोजीबाबाचे सात दिवसांचे सुतक संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारीच, हसाजीने पवळ्याला जुंपले. पहिल्याच फेऱ्याला बैल दगडापाशी थांबला. गिऱ्हाइके उभी होती, पाटलाचा गडीही होता. हसाजीने डोक्याचे पागोटे काढून हातात घेतले आणि बापाला खोडले त्या दिवशी जेवढ्या मोठ्याने बोलला होता तेवढ्याच मोठ्याने रिकाम्या दगडाला विचारले, "बाबा, सोडू?"

कोणी हसले नाही. हसाजी बराच वेळ वाट पाहत उभा राहिला. मग ऊन अंगणात यायच्या आतच त्याने जू उतरवले.