बजाबा आणि विजेची चिंगी

गोष्ट फार जुनी नाही, पण घाटातल्या गाड्या अजून ती एकमेकींना सांगतात. पायथ्याच्या गावात बजाबा नावाचा पेट्रोलवरचा म्हातारा टेम्पो राहायचा. एके दिवशी तिथे चिंगी आली, विजेवरची रिक्षा. ना धूर, ना खडखडाट. सारं गाव तिच्यावर खूश झालं आणि बजाबा पुटपुटला, "आता मी भंगारात!"

घाटावरच्या लग्नाला वाजंत्री घेऊन चिंगीच निघाली. अर्ध्या चढावर तिची बॅटरी संपली. वर वऱ्हाड खोळंबलं होतं. मागून जेवणाची भांडी घेऊन बजाबा आला. त्याला हसू फुटणार होतं, पण चिंगीचं रडवेलं तोंड पाहून तो म्हणाला, "पोरी, रडू नकोस." वाजंत्र्यांनी दोर बांधला, त्यानं तिला ओढत मांडवाशी नेलं आणि सनई वाजली.

उतरताना बजाबाचे ब्रेक तापून वास सुटला. चिंगी मात्र गुणगुणत होती. "आजोबा, उतारावर वेग आवरताना माझी बॅटरी थोडी थोडी आपोआप भरतेय!"

"आणि मी जन्मभर इथे नुसते ब्रेक जाळले!" बजाबा खदखदून हसला. "उद्यापासून गाव तुझं, चढ माझा."

"आणि माझ्या अंगात बळ आलं की?"

"मग चढही तुझा. मी चिंचेखाली बसून पोरांना हौद्यात खेळवीन."