टिकली आत्या आणि चिकूची पूड

तीळ पाहिलाय? काळा तीळ? त्याच्याहून थोडी लहान होती टिकली मुंगी.

लहान असली म्हणून काय झालं? टिकली आत्या झाली होती! तिच्या दादाला बाळ झालं होतं. इवलंसं, गुबगुबीत बाळ. आज दिवेलागणीला बाळाचं बारसं होतं.

मुंग्यांच्या घरी एक रीत आहे. आत्यानं बाळाला गोड बोट चाटवायचं. मग कानात कुर्रर्र करायचं. मग नाव ठेवायचं.

गोड नाही, तर नाव नाही!

म्हणून टिकलीनं साखरेचा एक दाणा घेतला. डोक्यावर ठेवला. तुरु तुरु, तुरु तुरु, निघाली घराकडे.

वाटेत होता माठ. माठातून पडला थेंब. टप्प!

दाणा भिजला. दाणा विरघळला. दाणा गेला!

टिकली रिकामीच घरी पोचली. बाळ रडायला लागलं. ऊंऽ ऊंऽ ऊंऽ!

वहिनी म्हणाली, "वन्सं, आता हो काय करायचं? नाव नसलं तर बाळाला हाक कशी मारायची? सगळे नुसतं 'ए, ए' करतील!"

"असं कसं 'ए'? मी आत्या आहे, आत्या!" टिकली म्हणाली. "गोड आणते, आणि मगच येते."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली स्वयंपाकघरात. तिथे होती हंसामावशी.

"मावशी, मावशी, साखर दे ना!
बाळाला नाव मिळेना!"

मावशी हसली. "एवढुश्शी तू, आणि आत्या? बाई बाई बाई! पण टिकले, साखर संपली गं. शेवटचा दाणा तूच नेलास. आणि आता मी साखर आणणारच नाही. आपल्या वाडीत चिकू थोडे का आहेत? चिकूची पूड करायची. दुधात तीच, शिऱ्यात तीच. अशी गोड, अशी गोड, की बोटं चाटत बसशील!"

"मग पूड दे ना!"

"कुटलीच नाही अजून. खलबत्ता कुटेल, तर मी पूड देईन."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली खलबत्त्याकडे. तो ओट्याच्या कोपऱ्यात बसला होता. जाडजूड, गोलमटोल.

"खलबत्त्या, खलबत्त्या, कूट ना!
मावशी पूड देईना,
बाळाला नाव मिळेना!"

"ठण! ठण! मी नाही कुटणार," खलबत्ता म्हणाला. "चकत्या ओल्या आहेत. ओलं कुटलं की होतो चिकट गोळा. माझं सगळं तोंड बरबटतं. चकत्या वाळतील, तर मी कुटेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली अंगणात. अंगणात होती खाट. खाटेवर होती मावशीची जुनी साडी. साडीवर होत्या चिकूच्या चकत्या.

मावशीनं चिकू धुतले होते. सालं काढली होती. काळ्या काळ्या बिया काढल्या होत्या. पातळ पातळ चकत्या कापल्या होत्या.

"चकत्यांनो, चकत्यांनो, वाळा ना!
खलबत्ता कुटेना,
मावशी पूड देईना,
बाळाला नाव मिळेना!"

"नाही गं बाई!" चकत्या म्हणाल्या. "आम्ही अजून मऊ आहोत. बघ, वाकतो. मोडत नाही! आम्हाला अजून एक ऊन हवं. ऊन येईल, तर आम्ही वाळू."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली चढली भिंतीवर. भिंतीवरून कौलावर. कौलाच्या कडेला उन्हाचा एक तुकडा होता. एवढासा, पिवळा.

"उन्हा, उन्हा, ये ना!
चकत्या वाळेनात,
खलबत्ता कुटेना,
मावशी पूड देईना,
बाळाला नाव मिळेना!"

"कसं येऊ?" ऊन म्हणालं. "तो ढग बघ. माझ्यासमोर फतकल मारून बसलाय! ढग हलेल, तर मी येईन."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली चढली चिकूच्या झाडावर. फांदीवरून फांदीवर. अगदी शेंड्यावर!

"ढगा, ढगा, हल ना!
ऊन येईना,
चकत्या वाळेनात,
खलबत्ता कुटेना,
मावशी पूड देईना,
बाळाला नाव मिळेना!"

"हलू कसा? मला पाय आहेत का?" ढग म्हणाला. "तुला बाई सहा-सहा पाय! वारा उठेल, तर मी हलेन."

वारा कुठे होता? तिथेच! चिकूच्या पानांत झोपला होता. घुर्रर्र... फूस! घुर्रर्र... फूस!

टिकली गेली वाऱ्याच्या कानाशी.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना!
ढग हलेना,
ऊन येईना,
चकत्या वाळेनात,
खलबत्ता कुटेना,
मावशी पूड देईना,
बाळाला नाव मिळेना!"

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "नाही उठणार, जा!"

"का रे?"

"ढग ढकल म्हणे! कपडे वाळव म्हणे! पतंग उडव म्हणे! काम असलं की वारा आठवतो. आज बारसं आहे ना तुमच्याकडे?"

"हो."

"मग मला बोलावलंस?"

टिकलीनं हळूच मान हलवली. नाही.

"बघ! मी आलो की सगळे खिडक्या लावून घेतात. धाड धाड!" असं म्हणून वाऱ्यानं पाठ फिरवली.

टिकलीनं कपाळावर हात मारला. "अग्गोबाई! आमंत्रण राहिलंच की!"

काम सगळ्यांना सांगितलं. बारशाला कुणालाच नाही बोलावलं! आत्या म्हणे, आत्या!

टिकली तुरु तुरु वाऱ्याच्या पुढ्यात गेली. सहाही पाय नीट जुळवून उभी राहिली. मग म्हणाली, "वाऱ्या, आज आमच्या बाळाचं बारसं आहे. यायचं हं! अगदी नक्की यायचं. आणि बाळाचा पाळणा तूच हलवायचास."

वाऱ्यानं दुसरा डोळा उघडला.

"मी? पाळणा? मी हलवू?"

"तूच!"

वारा टुणकन उठला!

सूंऽऽ! वाऱ्यानं ढगाला दिला एक धक्का.

वारा उठला, ढग हलला!

"ढगोबा, तूही ये हं बारशाला!" टिकली ओरडली.

"नको गं," ढग म्हणाला. "मी आलो तर सगळे भिजाल. मी आपला लांबूनच बघतो."

लख्ख! ऊन आलं. कौलावर आलं, अंगणात आलं, खाटेवर आलं.

"उन्हा, बारशाला यायचं हं!"

"आलोच बघ!" ऊन म्हणालं.

चकत्या तापल्या. चकत्या कडक झाल्या. मावशीनं एक उचलली. वाकवली. कट्ट!

"मोडली! मोडली! आम्ही वाळलो!" सगळ्या चकत्या ओरडल्या. "आता आम्हाला बारशाला ने!"

"चला चला! पण आधी खलबत्त्याकडे!"

ठण ठण, कुट कुट! ठण ठण, कुट कुट! खलबत्ता कुटतोय, खलबत्ता कुटतोय. तोंड जराही बरबटलं नाही!

"मीही येणार बारशाला," खलबत्ता म्हणाला. "पण मला उचलणार कोण?"

"मी उचलीन," टिकली म्हणाली.

खलबत्ता इतका हसला, इतका हसला, की पूड बाहेर उडाली. भुस्स!

मावशीनं पूड चाळली. मऊ मऊ, तपकिरी पूड. साखर नाही, गूळ नाही. नुसता चिकू! मावशीनं चिमूटभर जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

"अहाहा! घे टिकले. पहिली चिमूट आत्याची!"

"मावशी, तूही बारशाला यायचं हं!" म्हणत टिकलीनं पूड घेतली. डोक्यावर ठेवली. तुरु तुरु, तुरु तुरु. माठ आला. टिकली लांबून गेली. अगदी लांबून!

दिवे लागायची वेळ झाली. जाता जाता ऊन दारात डोकावलं. मुंग्यांच्या दारात चिकूच्या पानाचा पाळणा बांधला. पाळण्यात बाळ. ऊंऽ ऊंऽ ऊंऽ!

टिकली आत्या पुढे झाली. पुडीत बोट बुडवलं. बाळाच्या जिभेवर ठेवलं.

सगळे बघतायत. वहिनी बघतेय. मावशी बघतेय. वारासुद्धा बघतोय.

बाळानं चाटलं. रडणं थांबलं. पुन्हा चाटलं.

मच्... मच्... मच्!

आणि बाळ हसलं!

टिकली वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र!"

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाळाचं नाव गोडी!"

"गोडी! गोडी! गोडी!" सगळे ओरडले. वाऱ्यानं पाळण्याला दिला एक झोका. असा दिला, असा दिला, की गोडी खिदळायलाच लागली.

वारा उठला,
ढग हलला,
ऊन आलं,
चकत्या वाळल्या,
खलबत्त्यानं कुटलं,
मावशीनं पूड दिली,
बाळाला नाव मिळालं!

"आणि हे सगळं कुणी केलं?" वहिनीनं विचारलं.

तिळाहून लहान टिकली ताठ उभी राहिली. "कुणी म्हणजे? आत्यानं!"

बशी झाली चाटून,
गोष्ट झाली वाटून!