ठकूबाईच्या काखेतली गाठ

"आणखी किती दिवस नुसतं बघत बसायचं, बाबा? तिचा हात गळून पडेपर्यंत?"

केवळगिरीने चिमटा धुनीत असा खुपसला, की ठिणग्या थेट भानगिरी बाबांच्या कांबळ्यापर्यंत उडाल्या. गुरूची माफी मागावी असं त्याला वाटलंही नाही, इतकं त्याचं डोकं तापलं होतं.

समोर ठकूबाई गवळण उजवा हात डोक्यावर धरून बसली होती. तिच्या म्हशींच्या सडांना फोड आले होते, धार काढता काढता ते तिच्या अंगठ्यावर उतरले. दोनच फोड. पण मग काखेत गाठ आली, आज ती लिंबाएवढी झाली होती, आणि अंगात ताप होता.

बोरखिंडीच्या या मठात पूर्वी तापल्या चिमट्याने डाग देत. पाठ धरली तर पाठीला, टाच दुखली तर टाचेला. भानगिरी गादीवर बसले आणि त्यांनी ती प्रथा मोडली. तरी दहा गावची माणसं अजून डागच मागायला येत आणि काढा पिऊन परत जात. केवळगिरीला त्याची लाज वाटे. मठात येण्यापूर्वी तो चार वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं कशाला म्हणतात, ते त्याच्याकडे बघून समजावं.

"डागू द्या की बाबा, या म्हाराजास्नी," ठकूबाई कण्हत म्हणाली. "घरी धा म्हशी हायेत. हात गेला तर धार कोन काढंल?"

"ऐकलंत?" केवळगिरी म्हणाला. "हा विषाणू आहे. अंगठ्यातून शिरला आणि काखेतल्या गाठीत जाऊन बसला. लसिकाग्रंथी म्हणतात तिला, मला ठाऊक आहे. तिथेच जाळला की संपला."

धुनीवरची नजर न काढता बाबांनी विचारलं,

"तिच्या गळ्यावर फोड आहेत का?"

"नाहीत."

"तोंडावर? दुसऱ्या हातावर?"

"नाहीत म्हटलं ना."

"किती दिवस झाले?"

"सहा."

"सहा दिवस रोग अंगात आहे, आणि काखेच्या पुढे गेला नाही. का?"

केवळगिरीला उत्तर सुचलं. ते सुचलं, याचाच त्याला जास्त राग आला.

"गाठीने अडवला असेल," तो दात खात म्हणाला. "पण आता ती गाठच पेटलीय. हात लावून बघा, विस्तव आहे नुसता. अडवणाऱ्यालाच रोग झालाय, बाबा."

"दारावर उभा असतो तोच आधी मार खातो," बाबा म्हणाले. "वेशीवर चोर धरला की सगळं गाव तिथे गोळा होतं. गर्दी झाली म्हणून वेस पेटवायची का?"

"गोष्टी पुरे झाल्या." चिमटा लाल झाला होता, तो केवळगिरीने उपसून हातात घेतला. "तुम्ही भ्यालात. तुमच्या गुरूंची विद्या तुम्ही भीतीपोटी बुडवलीत. लोक माघारी बोलतात, मी तोंडावर सांगतो."

ठकूबाईने मान खाली घातली. असलं बोलणं तिला ऐकवेना.

"माझ्या गुरूंची विद्या..." बाबा पुटपुटले. मग त्यांचा आवाज चढला. आठ वर्षांत केवळगिरीने तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "बघायचीय तुला ती? बघ."

त्यांनी कांबळं फेकून दिलं.

बाबांचा डावा हात मठात सगळ्यांना ठाऊक होता. खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, केळीच्या बुंध्यासारखा. लोक त्याला हत्तीरोग म्हणत, केवळगिरीही तेच म्हणे. त्या हाताला बोरीचा काटा लागला तरी बाबा पंधरा पंधरा दिवस तापाने फणफणत, आणि उशाशी केवळगिरीच बसून असे. तो हात बाबांनी दुसऱ्या हाताने वर उचलला.

काखेत खड्डा होता. भोवती आवळलेली, चकाकणारी कातडी. खड्ड्याची रुंदी चिमट्याच्या टोकाएवढी होती.

केवळगिरी जागच्या जागी थांबला. राग अजून होता तेवढाच होता, पण तो कुणावर काढावा ते त्याला कळेना.

"तुम्हालाही... गाठ होती?"

"अशीच. तुझ्याच वयाचा होतो. गुरूंचा माझ्यावर फार जीव. त्यांना माझे हाल बघवेनात."

"मग?"

"डागली. पिकली, वाहिली, गेली."

"आणि रोग?"

बाबांनी ठकूबाईचा हात डोक्यावरून अलगद खाली घेतला आणि तिच्या मांडीवर ठेवला. केवळगिरीकडे न बघताच ते म्हणाले,

"तेव्हापासून जो येतो तो सरळ आत येतो. वाटेत विचारणारं कुणी उरलं नाही."