पितळी टॉर्चच्या खाचा

यंत्रं माणसांसारखी बोलायची, तेव्हाची गोष्ट. कुंदाताईंनी हौसेनं स्वतःच आराखडा काढून एक टॉर्च करायला घेतला. धातू कातणारा म्हातारा लेथ फिरला आणि पितळेचा दांडा आरशासारखा लखलखू लागला.

“बास! आता मला हात लावू नका,” टॉर्च ऐटीत म्हणाला.

“थांब बाळा, अंगावर बारीक खाचा पाडायच्यात,” लेथ म्हणाला.

“या देखण्या अंगावर? फळीवरचा तो दुकानातून आणलेला टॉर्च बघा, कसा गुळगुळीत आहे!”

“कुंदाताईंचे हात कधी कोरडे पाहिलेस?” एवढंच म्हणून लेथनं खाचा पाडल्या. टॉर्च रुसून बसला.

एके दुपारी विहिरीतला पंप बंद पडला. कुंदाताई ग्रीसनं माखलेल्या हातांनी काठावरून वाकल्या. दुकानातला टॉर्च माशासारखा निसटला आणि डुबुक्कन बुडाला. मग त्यांनी पितळी टॉर्च उचलला. खाचांमुळे तो मुठीत असा घट्ट बसला, की त्याच्या स्थिर उजेडात थेट तळ दिसला, पंपात अडकलेली चिंधीही दिसली.

परत आल्यावर टॉर्च छाती फुगवून लेथसमोर उभा राहिला.

“आजोबा, पाठीवर अजून थोडी जागा मोकळी आहे बघा!”